आडव्याचं उभं

धारूरच्या प्रकल्प कार्यालयात दुपारी
पंखा फिरतो, हवा जागची हलत नाही.
माझ्यासमोर तक्ता पडलाय आडवा,
लग्न उरकल्यावर कुणी सतरंजी उचलायची विसरलं तसा.
सहा अंगणवाड्या, दोनशे एकतीस लेकरं.
एका लेकराची एक ओळ:
डावीकडे नाव, मग जून ते मे
बारा महिन्यांची बारा वजनं.

शेवटच्या रकान्यापाशी जायचं तर
पडदा इतका सरकवावा लागतो
की नाव डावीकडे बुडून जातं.
अकरा किलो दोनशे. कुणाचं?
चला परत.

जिल्ह्याला तक्ता उभा पाहिजे.
एका ओळीत एक लेकरू, एक महिना, एक वजन. बस्स.
गव्हाणे साहेब फोनवर म्हणतात,
आलेख आडव्यातून निघत नसतो.

आधी महिने निस्तरले.
सहा हातांनी लिहिलेला जानेवारी:
'जाने', 'जानेवारी',
आणि पुन्हा 'जानेवारी', ज्याच्या शेपटाला
डोळ्याला न दिसणारी एक मोकळी जागा.
संगणक भोळा, त्याला ते तीन महिने वाटले.
चौदा महिन्यांचं वर्ष होतं ते.
मी बाराचं केलं.

मग आज्ञा. तीन ओळींची.
काय राखायचं ते सांगा: नाव, गाव.
काय मोडायचं ते सांगा.
मोडलेल्याला नवी नावं द्या: महिना, वजन.
शिकवणारा याला वितळवणं म्हणायचा.
मला नाही पटलं. वितळलेलं सगळं एक होऊन जातं.
हे हुरडा चोळल्यासारखं आहे,
गरम कणीस तळव्यात, अंगठ्याचा दाब,
दाणा न् दाणा सुटा,
फक्त इथं प्रत्येक दाण्यावर
कणसाचं नाव परत लिहिलेलं.

दोन हजार सातशे बहात्तर ओळी.

आज्ञेच्या शेवटी आणखी एक शब्द बसतो: रिकामं गाळ.
हुरड्यातही तसंच, तळवा तोंडाशी,
एक फुंकर, कोंडा उडाला.
मारली फुंकर.
एकोणीसशे चार उरल्या. देखण्या.
कुठं भोक नाही.

काही कारण नव्हतं, तरी एक नाव शोधलं.
संघर्ष वाव्हळ.
जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर,
ऑक्टोबर, दहा किलो नऊशे.
त्याला चिकटून मे, दहा किलो चारशे.
जणू ऑक्टोबरच्या रात्री झोपला
आणि मे महिन्यात उठला,
अर्धा किलो कुठं सांडलं ते कुणालाच ठाऊक नाही.

आडव्या तक्त्यात तिथं सहा पांढरी घरं होती.
खालच्या ओळीत सहा. त्याखाली सहा.
एकशे चव्वेचाळीस लेकरांतून गेलेला पांढरा पट्टा,
दिवाळीनंतर कोयत्यावर निघालेल्या गाड्यांची चाकोरी.
(आणखी चार घरं कोरी होती. चारदा काटा बिघडलेला.)

शकीला आपांना फोन लावला.
आपा, नोव्हेंबर ते एप्रिल कोरं काहून ठेवलंत?
पलीकडं कुकरची शिट्टी, मग आपा:
"मग काय शून्य लिहू?
शून्य लिहिलं की लेकरू मेलं असं होतंय बाबा.
जागा धरून ठेवली त्याची.
परत आल्यावर बसंल कुठं?"

शेवटचा शब्द खोडला. आज्ञा पुन्हा चालवली.

संघर्ष वाव्हळ, ऑक्टोबर, दहा किलो नऊशे
संघर्ष वाव्हळ, नोव्हेंबर,
संघर्ष वाव्हळ, डिसेंबर,
संघर्ष वाव्हळ, जानेवारी,
संघर्ष वाव्हळ, फेब्रुवारी,
संघर्ष वाव्हळ, मार्च,
संघर्ष वाव्हळ, एप्रिल,
संघर्ष वाव्हळ, मे, दहा किलो चारशे

साहेबांचा फोन वाजतोय.
ओळी लई झाल्या म्हणतील.
झाल्यात.